वझलवार बाई वर ढकलत नसत

वझलवार बाई टीव्हीकडं पाठ करून बसायच्या. गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम बघायला आमच्या क्लबहाऊसमध्ये दर शनिवारी सात-आठ म्हातारी माणसं जमायची. सगळ्यांच्या खुर्च्या टीव्हीकडं आणि एक खुर्ची उलटी, खिडकीकडं. त्या खुर्चीत बाई. समोर काच, काचेवर अमेरिकेतल्या रेडमंडचा पाऊस, पलीकडं पार्किंगमधल्या गाड्या. कुणी नवीन आलं की हळूच विचारायचं, यांना दिसत नाही का? बाईंना चांगलं दिसायचं. त्या म्हणायच्या, "गाणं ऐकायचं असते जी. पाहायला लागलं की कान झोपतात."

कार्यक्रम तिकडं भारतात रात्री साडेनऊला लागतो. म्हणजे आमच्याकडं शनिवारी सकाळी नऊला, आणि थंडीत घड्याळं मागं केली की आठला. पोरं-सुना झोपलेल्या असतात. आम्ही थर्मासमधून चहा घेऊन जायचं आणि तिकडचे लोक जेवून बसतात तसं आंघोळ करून बसायचं. आगाशे काका म्हणून पुण्याचे एक बँकेतले होते, रिमोट त्यांच्या ताब्यात. बाकीचे येऊन-जाऊन. सहा महिने व्हिसावर आले, गेले. बाई आणि मी कायमचे. बाई नागपूरच्या, मुलींच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलेलं. इथं मुलीकडं, प्राचीकडं राहायच्या. मी कराडकडचा, बस डेपोच्या वर्कशॉपातला मेकॅनिक. इथं मुलाकडं.

माझी पहिली शनिवारची खेप मला आठवते. माझी बायको शालन जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मुलगा संदीप म्हणाला, बाबा, घरात बसू नका, जा जरा. गेलो. टीव्हीवर गवंडीकाम करणारा एक तरुण गात होता. गाण्याआधी त्याचं घर दाखवलं. वर पत्रा, आई धुणीभांडी करणारी, वडील गेलेले. गाणं संपलं तेव्हा तिन्ही परीक्षक रडत होते. इकडं आगाशेंनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला, "निषाद चढा लागला. नापास."

आगाशे भडकले. "अहो बाई, त्याचे वडील गेलेत गेल्या वर्षी!"

"वडील गेले म्हणून निषाद चढा लागते काय?"

मी मोठ्यानं हसलो. शालन गेल्यावर पहिल्यांदा. सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाईंनी पण मान वळवली.

"तुम्ही काहून हसले?"

"आमच्या वर्कशॉपात पण असंच," मी म्हणालो. "ड्रायव्हरच्या घरी काही का झालेलं असंना, इंजिन ठोकतंय ते ठोकतंयच."

"कान आहे तुम्हाला?"

"चौतीस वर्षं तेच केलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. आत कुठला भाग मरायला टेकलाय ते सांगायचो."

"मग इकडे येऊन बसा."

त्या दिवसापासून उलट्या खुर्च्या दोन झाल्या. त्यावरून थोडं कुजबुजले लोक. एक म्हातारा, एक म्हातारी, दोघांचे जोडीदार गेलेले. कुजबुजू देत. आम्ही दोघं पार्किंग बघायचो.

बाईंचे निकाल दोनच. पास आणि नापास. आमच्या लहानपणी तिसरा पण एक असायचा, वर ढकलला. मार्क कमी पडले तरी मास्तर दया करायचे आणि पुढच्या वर्गात घालायचे. प्रगतिपुस्तकावर लाल शाईनं तसं लिहायचे. मी चौथीतून सातवीपर्यंत असाच गेलो. बाईंना ते मी सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या मास्तरांनी तुमचं वाटोळं केलं भाऊ. तिथंच बसवलं असतं तर गणित आलं असतं." हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. खरं होतं.

टीव्हीवरच्या परीक्षकांवर त्यांचा राग तोच. तिघांना त्यांनी नावं ठेवली होती. रडका, उठ्या आणि काटेवाली. रडका दर गाण्याला रुमाल काढायचा. उठ्या टाळ्या वाजवत उभा राहायचा. काटेवाली बाई हात पुढं करून दाखवायची, बघा, अंगावर काटा आला. वझलवार बाई खिडकीकडं बघून विचारायच्या, "आगाशे, उठ्या उठला काय?"

"उठला."

"गुडघ्याला तेल पाठवा त्याच्या. आज पाचव्यांदा उठून राहिला." मग माझ्याकडं बघून, "भाऊ, ही तिघं खरं बोलायला बसवली की बरं बोलायला? सगळ्यांना वर ढकलून राहिले."

पास गाणं कमीच असायचं. आठवड्यात एखादं, कधी तेही नाही. पास झालं की बाई बोलायच्या नाहीत. नुसतं बोट वर करायच्या, शाळेत पोरं करतात तसं. आणि आगाशेंना सांगायच्या, "मागे घ्या. पुन्हा लावा." नापास गाणं त्या दुसऱ्यांदा कधी ऐकत नसत. रविवारी तोच भाग परत लागायचा. सगळे परत बघायचे. त्यातलं नापास गाणं आलं की बाई उठून बाहेर व्हरांड्यात उभ्या राहायच्या, पाऊस असला तरी. "एकदा चुकून ऐकल्या जाते. दुसऱ्यांदा ऐकलं तर आपली चूक."

त्या साली इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला शेजारच्या बेलव्ह्यूच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कराओकेची स्पर्धा ठेवली. कुणाला तरी सुचलं, आपल्यात गाण्याच्या बाई आहेत, त्यांनाच परीक्षक करू. मी प्राचीला म्हणालो, विचार कर. ती म्हणाली, "काका, आई सुधारलीय आता." सुधारली नव्हती. सोळा जण गायले. माझी सून मृणाल पण गायली आणि लोकांनी तिलाच पहिला नंबर धरला होता. निकाल सांगायला बाई उठल्या. माईक तोंडाजवळ धरला. "पहिला नंबर कोणालाच नाही," त्या म्हणाल्या. लोक हसले. "दुसरा पण नाही." हसू कमी झालं. "तिसरा नंबर विभागून दोघींना." त्या दोघींत मृणाल होती.

खाली उतरल्यावर बाई मृणालला म्हणाल्या, "आवाज चांगला आहे तुझा. मेहनत नाही. शिकायला कधीपासून येतेस?"

मृणाल "थँक यू" म्हणाली आणि गाडीत येऊन बसली. गॅरेजचं दार उघडताना ती म्हणाली, "बाबा, तुमच्या मैत्रिणीला कुणीतरी सांगा, ही दहावीची बोर्डाची परीक्षा नाहीये. लोक एन्जॉय करायला येतात यार."

माझी नात ईशा मागून म्हणाली, "बट मॉम, यू वेअर अ लिटल फ्लॅट."

पहिल्या नंबरचा कप कुणी घेईना, आयोजकांना घरी नेववेना. तो बाईंच्याच घरी राहिला. त्यांनी त्यात पळ्या आणि उलथणी ठेवली. चांगला खोल होता.

मंडळानं बाईंना परत बोलावलं नाही. बाईंना त्याचं काही वाटलं असं मला दिसलं नाही.

पुढं जानेवारीत टीव्हीवरच्या स्पर्धेत एक अमेरिकेतली मुलगी पोचली. न्यू जर्सीत आयसेलिनजवळ वाढलेली, बावीस वर्षांची. मग काय, सगळ्यांच्या फोनवर मेसेज. आपली मुलगी, आपलं मत. मत द्यायला भारतातला नंबर लागायचा. लोकांनी ड्रॉवरमधली जुनी सिमकार्डं काढली, पुण्यातल्या मेहुण्यांना, नाशिकच्या आत्यांना कामाला लावलं. आगाशेंनी एकट्यानं सतरा माणसं जमवली. बाईंना म्हणाले, "तुमच्या नागपूरच्या शिष्या किती असतील! त्यांना सांगा की."

"काहून?"

"अहो, आपली आहे ती."

"माझी कोणी लागत नाही. ती 'ळ'ला 'ल' म्हणून राहिली."

खरंच म्हणायची. कमळाचं कमल व्हायचं, बाळाचं बाल. परीक्षक त्यावर खूश. काटेवाली म्हणायची, किती क्यूट! उठ्यानं तर तिच्याकडून दोनदा मुद्दाम वदवून घेतलं आणि सगळा स्टुडिओ हसला. ती पण हसली. बाई म्हणाल्या, "सहा वर्षांच्या पोरीचं असं कौतुक केलं तर ठीक. बावीस वर्षांच्या पोरीची थट्टा आहे ही. आणि तिला कळून नाही राहिलं."

मग त्यांनी एक केलं. कुणाच्या तरी मावशीच्या ओळखीनं त्या मुलीचा नंबर मिळवला आणि तिला आवाजाचा निरोप पाठवला. पाठवताना मी तिथं होतो, फोन मीच धरला होता. नमस्कार नाही, तू फार छान गातेस नाही. "जिभेचं टोक मागे वळव. वर टाळूला लाव. आणि सोडताना खाली आपट. रोज शंभर वेळा म्हण. तळं, मळा, खळं, फळं." एवढं सांगून त्यांनी स्वतः वीसेक वेळा म्हणून दाखवलं. मी म्हणालो, बाई, एखादा गोड शब्द टाका. त्या म्हणाल्या, "गोड बोलायला तिघं बसवले आहेत तिच्यासमोर."

तिचं उत्तर आलं नाही. दोन आठवडे गेले. तिसऱ्या शनिवारी ती गायली आणि कडव्याच्या शेवटच्या शब्दात 'ळ' आला. चांगला, खणखणीत. परीक्षकांच्या लक्षात पण आलं नाही. ते तिच्या साडीबद्दल बोलत होते. माझ्या शेजारच्या खुर्चीत बोट वर गेलं. त्याच भागात मतं कमी पडून ती बाहेर गेली. आगाशे हळहळले. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या. शिकून गेली. बाकीचे तसेच राहिले." आणि मग, "मागे घ्या आगाशे. पुन्हा लावा."

आता माझं सांगतो, कारण बाईंचं खरं काय होतं ते मला तिथं कळलं.

माझ्याकडं शालनच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग आहे. इथल्या स्वयंपाकघरात करंज्या करताना ती आईकडची एक ओवी म्हणत होती, ते ईशानं फोनवर घेतलं. ती दिवाळी तिची शेवटची. जानेवारीत दुखणं कळलं, एप्रिलमध्ये गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात लपून होतं, कळणं अवघड. मी ते धरून बसलो होतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये ती ठणठणीत आहे, गाते आहे, मग मला कळायचं कसं? रोज ऐकायचो. घरात सगळे म्हणायचे, किती गोड. नातेवाइकांना पाठवलं तर त्यांनी रडक्या तोंडांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. शालन गेल्यापासून माझ्याशी सगळे तसंच बोलायचे. हळू आवाजात, जोडलेल्या हातांनी. मला वाटायला लागलं, सगळे शालनला वर ढकलतायत. ती गायची कशी ते मला खरं पाहिजे होतं. आणि खरं बोलणारं माणूस सगळ्या रेडमंडात एकच होतं.

मार्चमध्ये एका मंगळवारी दुपारी बाईंच्या घरी गेलो. प्राची ऑफिसला होती. बाई पालक निवडत होत्या. मी म्हणालो, एक ऐकायचंय. कुणाचं ते सांगितलं. त्यांनी हात धुतले, खुर्ची उचलून खिडकीकडं फिरवली आणि म्हणाल्या, "लावा."

चार ओळींची ओवी. संपली.

"पुन्हा लावा."

लावली. संपली. फ्रिज गुरगुरत होता, त्यांनी उठून त्याचं बटण बंद केलं.

"पुन्हा लावा."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. "केव्हाचं आहे?"

"गेल्याच्या गेल्या दिवाळीआधीचं."

"त्यांना तेव्हाच धाप लागून राहिली होती."

"नाही. तेव्हा चांगली होती ती. जानेवारीत कळलं."

"कळलं जानेवारीत असेल. पहिल्या तीन ओळींत श्वास चोरून घेतला आहे, दोन शब्दांच्या फटीत. चौथीत शब्दाच्या मधेच तुटला. जिला अशी ओवी येते ती बाई शब्द तोडत नाही भाऊ. श्वास पुरला नाही त्यांना."

मी फोन खिशात घातला. "बाई, तुम्हाला गाणं कळतं, माणूस कळत नाही," म्हणालो आणि निघालो. छत्री तिथंच राहिली. पाऊस होता.

घरी जाऊन फोनचा स्पीकर कानाला टेकवला, स्क्रू ड्रायव्हरची मूठ टेकवायचो तसा. डोळे मिटले. पहिल्या खेपेला ऐकू आलं. पहिल्या ओळीत एक, दुसरीत एक, तिसरीत दोन. चौथीत शब्द तुटलेला. दुसऱ्याची गाडी असती तर मी फाटकातून आत येतानाच सांगितलं असतं, हिला खोला. चौतीस वर्षं तेवढंच येत होतं मला, आणि तेवढं पण घरात उपयोगी पडलं नाही.

तीन शनिवार मी क्लबहाऊसला गेलो नाही. चौथ्या आठवड्यात बाईंच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं. "छत्री तिथं आहे," म्हणाल्या.

"छत्रीला नाही आलो. मी ते शंभर वेळा ऐकलं होतं. मला का नाही ऐकू आलं?"

"तुम्ही बायकोला ऐकत होते. मी गाणं ऐकत होते."

"सांगायला नको होतं तुम्ही."

"मग माझ्याकडे काहून आणलं? आगाशेंकडे न्यायचं होतं." त्यांनी चहा टाकला. बक्षिसाच्या कपातून पळी काढली, ढवळला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तसा चोरटा श्वास मी तीस वर्षं पोरींना शिकवला. सगळ्या मिळून तिघींना आला असेल. समोरच्याला कळू नये म्हणूनच घेतात तो."

"म्हणजे तिला माहीत होतं? माझ्यापासून लपवत होती?"

"ते मी कशी सांगू? मी सूर ऐकते. मन नाही ऐकू येत मला."

दुसरं कुणी असतं तर हो म्हणालं असतं. तुमच्यासाठी लपवलं हो तिनं, असं काहीतरी. मला बरं वाटलं असतं आणि मग वाटलं नसतं. चहा पिऊन मी घरी आलो. पुढच्या शनिवारी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो.

पुढं उन्हाळा संपता संपता, स्पर्धेचा नवा हंगाम सुरू झाला तेव्हा, एक दिवस जाऊन बघतो तर बाईंची खुर्ची टीव्हीकडं होती. गाणं झालं. आगाशेंनी सवयीनं विचारलं, "बाई, पास की नापास?"

"आता मी निकाल देणार नाही," बाई म्हणाल्या. "उजवा कान गेला. डावा अर्धा गेला. यंत्र लावलं तर सगळेच सूर चढे येतात. अर्धं ऐकून मार्क दिले तर ते वर ढकलल्यासारखं होते."

आगाशेंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी नुसती पाहून राहिली. उठ्या चांगला जाड झाला की!"

त्यांनी नागपूरला मुलाकडं जायचं ठरवलं. प्राचीनं खूप समजावलं. बाई म्हणाल्या, "इंग्रजी आधीच अर्धं कळते. त्यात अर्धंच ऐकू येऊन राहिलं. किती उरलं?" गणित बरोबर होतं.

निघाल्या तो शनिवारच होता. कार्यक्रम सुरू असताना मी क्लबहाऊसमधून उठून त्यांच्या दाराशी गेलो. मृणाल पण आली होती, डब्यात काहीतरी करून आणलं होतं तिनं. सामान गाडीत भरलं होतं. बाई मागच्या सीटवर बसल्या होत्या, शाल घेऊन, पर्स मांडीवर. कानातलं यंत्र त्यांनी काढून ठेवलं होतं.

मी खिडकीशी वाकलो. सहा महिने तोंडात घेऊन फिरत होतो ते विचारलं. "बाई, शालन पास होती का?"

त्यांनी कानाकडं बोट केलं. काच आणखी खाली घेतली. "काय म्हणता?"

"शालन. पास होती का?"

"ऐकू नाही आलं भाऊ. उगाच हो कशी म्हणू? पुन्हा म्हणा."

मग मी ओरडलो. सगळ्या पार्किंगला ऐकू गेलं असेल. "शालन पास होती का नापास?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं, वर्गातलं पोर सोपं गणित चुकल्यावर बघतात तसं.

"तीनदा ऐकलं नं मी," त्या म्हणाल्या.

प्राचीनं गाडी काढली. मागच्या काचेतून बाईंचा पांढरा अंबाडा दिसत होता. वळणाशी ब्रेकचा दिवा लागला, गाडी थांबली, आणि अंबाड्याशेजारून एक बोट वर आलं. मग सिग्नल सुटला.